अनाथांचे गुरुजी योहान हाइनरिख पेस्टालॉझी

स्वित्झर्लंड देशाच्या आरगौ प्रांतात बिर नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील उपासनामंदिराच्या आवाराला लागून जुनी शाळा आहे, व त्या शाळेच्या भिंतीशी एका वृद्ध गुरुजींची कबर आहे. १८२७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात त्यांना तेथे मूठमाती देण्यात आली, तेव्हा शवपेटीला खांदा देण्यास आसपासच्या खेड्यांतील शाळामास्तर आले होते. मरणसमयी ह्या गुरुजींच्या हाती एकही शाळा उरली नव्हती. जन्मभर त्यांनी जे जे उभारले, ते ते बहुतेक त्यांच्या डोळ्यांदेखत मोडले. असे असताही, जेथे जेथे लहान मुलांना मारझोडीवाचून व पोकळ घोकंपट्टीवाचून शिकविण्याचा यत्न होतो, तेथे तेथे त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ते नाव योहान हाइनरिख पेस्टालॉझी.

मुलांना अक्षर शिकविता येते, अंक शिकविता येतात. परंतु सत्य, दया, संयम, कृतज्ञता हे गुण शिकविता येतात काय? आणि येत असतील, तर ते कोणत्या तासाला व कोणत्या पुस्तकातून शिकवावेत? खेड्यात मुलांना जवळ घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. पेस्टालॉझी ह्यांनी ह्याच प्रश्नापायी आपले सारे आयुष्य वेचले, आणि त्याचे उत्तर त्यांना एका हिवाळ्यात, ऐंशी दरिद्री पोरांच्या संगतीत सापडले. ती हकीगत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दासीचे वचन

हाइनरिखचा जन्म झूरिक शहरी १२ जानेवारी १७४६ रोजी झाला. बाप वैद्यकीचा धंदा करीत असे. मुलगा पाच वर्षांचा झाला तोच बाप वारला. अंथरुणावर पडला असता त्याने घरातील बार्बारा नावाच्या मोलकरणीला जवळ बोलाविले, व माझ्या मागे माझ्या बायकामुलांना सोडून जाऊ नकोस अशी विनवणी केली. ती खेड्यातून आलेली साधी मुलगी. तिने होय म्हटले, आणि तो शब्द तिने मरेपर्यंत पाळला. घरात पैशाची फार ओढ होती. बाजारात भाजी स्वस्त होईपर्यंत ती थांबत असे व मग विकत घेत असे. मुले बाहेर हुंदडली तर कपडे व जोडे झिजतील, म्हणून ती त्यांना पुष्कळदा घरातच बसवून ठेवी. परंतु कोणाला काही देण्याचा प्रसंग आला, तर त्या घरची अब्रू तिने कधी कमी पडू दिली नाही.

चांगुलपणा म्हणजे काय, ह्याचा पहिला धडा हाइनरिखला येणेप्रमाणे आईच्या मांडीवर व एका मोलकरणीच्या कष्टांत मिळाला. त्या धड्याला पुस्तक नव्हते.

सुटीत तो आपल्या आजाकडे जात असे. आजा झूरिकजवळील होंग ह्या खेड्यात पाद्री होता. तो घरोघर जाऊन मंडळीची विचारपूस करी, आजाऱ्यांपाशी बसे, शाळेत जाऊन मुलांची परीक्षा घेई, आणि नातू त्याचे बोट धरून मागे फिरे. तेथे हाइनरिखने शेतकऱ्यांचे दारिद्र्य प्रथम पाहिले. त्या काळी शहरच्या नागरिकांना जे हक्क होते ते खेड्यातील रयतेला नव्हते. ही विषमता त्या कोवळ्या मनाला बोचली, ती कायमचीच.

शाळेत मात्र तो अजागळ ठरला. बायकांच्या सहवासात वाढलेला, कपड्यांत नीटनेटका नाही, खेळांत हुशार नाही, कोणीही फसवावा असा भोळा. सोबती त्याला वेडगळ म्हणून चिडवीत. तरीही एकदा भूकंपाचा धक्का बसून सारी शाळा जिना उतरून पळाली, तेव्हा वर राहिलेल्या टोप्या व पुस्तके आणण्यास परत गेला तो हाच मुलगा, अशी आठवण सांगतात.

नवी वाडी

आजासारखे पाद्री व्हावे असे त्याच्या मनात प्रथम आले, नंतर कायद्याचा अभ्यास करावा असे वाटले. परंतु १७६२ साली प्रसिद्ध झालेले रूसो ह्या लेखकाचे ‘एमिल’ हे बालशिक्षणाविषयीचे पुस्तक त्याच्या हाती आले, व निसर्गाच्या जवळ राहून गरिबांच्या उपयोगी पडावे ह्या विचाराने त्याला पछाडले. त्याने शेतकी शिकून घेतली. १७६९ साली आन्ना शुल्थेस नामक सुशिक्षित स्त्रीशी त्याचे लग्न झाले. ती त्याच्याहून वयाने मोठी व सधन घरची होती. लग्नाआधीच त्याने तिला आपले सर्व दोष पत्राने कळविले होते: आपण विसरभोळे आहो, अव्यवस्थित आहो, आणि देशकार्य व गरिबांचे कार्य आपल्याला पत्नीच्याही आधी वाटेल. इतके वाचूनही ती आली, आणि सेहेचाळीस वर्षे तिने त्यांची साथ सोडली नाही.

बिर गावाजवळ जमीन घेऊन त्यांनी घर बांधले व त्याला नॉयहोफ, म्हणजे नवी वाडी, असे नाव दिले. तेथे त्यांनी मंजिष्ठाच्या जातीचे, तांबडा रंग देणारे पीक लाविले. जमीन हलकी, अनुभव तोकडा. सावकारांनी पैसा काढून घेतला व शेती बुडाली.

दुसरा कोणी असता तर हात आवरता. पेस्टालॉझी ह्यांनी मात्र रस्त्यावर भीक मागणारी व बेवारशी मुले गोळा करून १७७४ साली त्याच वाडीत त्यांच्यासाठी शाळा घातली. मुलांची संख्या पुढे तिसांवर गेली. त्यांनी त्यांना न्हाऊ घातले, कपडे दिले, स्वतःच्या ताटातले अन्न दिले. उन्हाळ्यात मुले शेतात राबत, हिवाळ्यात सूत काततात व माग चालवितात, आणि हात चालू असतानाच तोंडाने अक्षरे व अंक म्हणतात, असा क्रम होता. कामाच्या मिळकतीवर शाळेचा खर्च भागेल अशी त्यांची आशा होती. पण नवशिक्या पोरांचे सूत बाजारात कोण घेणार? कित्येक आईबाप तर मुलाला नवा सदरा मिळताच त्याला घेऊन पसार होत. १७८० साली शाळा मोडली. पत्नीच्या माहेरचा पुष्कळ पैसा त्यात गेला. मुलांना जाडे सूत नीट काढता येण्याआधीच आपण बारीक सुताचा हव्यास धरला, ही आपली चूक त्यांनी म्हातारपणी मोकळेपणाने कबूल केली.

ह्याच वाडीत त्यांच्या हातून आणखी एक चूक झाली, आणि ती अधिक दुःखाची होती. एकुलता एक मुलगा याकोब ह्याला त्यांनी रूसोच्या ग्रंथाप्रमाणे वाढवू पाहिले. त्या नादात ते कधी मुलाला मोकाट सोडीत, तर कधी अतिशय सक्ती करीत. पोर मुळात नाजूक; त्याला फेफऱ्याचा विकार जडला, व १८०१ साली तिशी उलटताच तो वारला. पुस्तकात वाचलेले मूल निराळे व घरातले मूल निराळे, हे पेस्टालॉझी ह्यांना मोठी किंमत देऊन कळले. तेव्हापासून ग्रंथावर विसंबण्याऐवजी समोरच्या मुलाच्या तोंडाकडे पाहण्याची त्यांना सवय लागली.

पुढील अठरा वर्षे हलाखीची गेली. एलिझाबेथ नेफ नावाची एक गरीब स्त्री त्यांच्या संकटाची वार्ता ऐकून आपण होऊन चाकरीला आली. तिने उजाड झालेली बाग नांगरली, घर स्वच्छ केले, स्वयंपाकाची घडी बसविली. तिच्यासारख्या स्त्रियांकडे पाहूनच त्यांच्या मनात एका कथेतील नायिका आकार घेऊ लागली असावी. १७८१ साली ‘लिनहार्ट व गर्ट्रूड’ ह्या त्यांच्या कादंबरीचा पहिला भाग निघाला. लिनहार्ट हा गवंडी, गावच्या कारभाऱ्याच्या गुत्त्यात पिऊन कर्जबाजारी झालेला. त्याची बायको गर्ट्रूड धीर करून जहागीरदाराकडे जाते, नवऱ्याला कामाला लाविते, आणि घरात चरख्याशी बसल्या बसल्या मुलांना अंक, अक्षरे व सद्‌वर्तन शिकविते. पुढे तिच्या घराचा कित्ता पाहून सारे गाव सुधारते. ह्या कथेने त्यांची कीर्ती युरोपभर झाली, व १७९२ साली फ्रान्सने त्यांना सन्मानाचे नागरिकत्व दिले. तरीपण त्यांना लेखक म्हणून नाव नको होते. त्यांना मुले हवी होती.

स्टान्सचा हिवाळा

ती मुले त्यांना एका भयंकर प्रसंगाने मिळाली. १७९८ साली फ्रेंच सैन्याच्या बळावर स्वित्झर्लंडात नवे सरकार स्थापन झाले. निडवाल्डन ह्या डोंगरी भागातील लोकांनी त्या सरकारशी शपथ घेण्याचे नाकारले. तेव्हा ९ सप्टेंबर रोजी फ्रेंच फौजेने त्यांच्यावर चाल केली. सुमारे चारशे माणसे मारली गेली. त्यांत बायकामुलेही होती. शेकडो घरे जळाली. स्टान्स हे त्या भागाचे मुख्य गाव. तेथील मठवासिनी स्त्रियांच्या मठाच्या इमारतीत अनाथांसाठी आश्रम काढण्याचे सरकारने ठरविले, व ते काम पेस्टालॉझी ह्यांनी मागून घेतले. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्नाच्या घरात होते. ७ डिसेंबर रोजी ते तेथे पोहोचले.

परिस्थिती काय होती, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. गाव कॅथॉलिक, आणि हे प्रॉटेस्टंट. गावाने ज्या सरकारच्या पायी आपले बाप व भाऊ गमाविले, त्याच सरकारने हे पाठविलेले. इमारतीत गवंड्यांचे काम चालू होते, चुन्याची धूळ उडत होती, स्वयंपाकघर धड नव्हते, थंडी मी म्हणत होती. मदतीस एक घरकाम करणारी बाई, ह्यापरते कोणी नाही. १४ जानेवारी १७९९ रोजी मुले येऊ लागली, व थोडक्याच दिवसांत त्यांची संख्या ऐंशीच्या सुमारास गेली.

मुलांची दशा सांगवत नाही. कित्येकांच्या अंगावर खरूज इतकी माजलेली की त्यांना चालवत नसे, डोकी फोडांनी भरलेली, चिंध्यांत उवा. काही हाडांचे सापळे, डोळ्यांत भीती व संशय. काही भीक मागून निर्ढावलेली, खोटे बोलण्यात पटाईत. काही पूर्वी बऱ्या घरची, ती इतरांकडे तुच्छतेने पाहत. दहांत एकालाही अक्षरओळख असली तर नशीब.

अशा मुलांपुढे सदाचरणावर व्याख्यान देऊन काय होणार? पेस्टालॉझी ह्यांनी व्याख्यान दिलेच नाही. ते सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांच्यात राहिले. त्यांचे अन्न तेच ह्यांचे अन्न. त्यांची खरूज त्यांनी आपल्या हातांनी धुतली. मूल आजारी पडले तर ते उशाशी असत. ते त्यांच्यामध्येच निजत. रात्री सर्वांच्या मागून अंथरुणावर पडत आणि पहाटे सर्वांच्या आधी उठत. मुले अंथरुणात शिरल्यावर त्यांना झोप लागेपर्यंत ते त्यांच्याशी प्रार्थना करीत व गोष्टी बोलत. हिमकाळ सरून डोंगरावरील बर्फ वितळण्याच्या आतच आपल्या मुलांत असा पालट पडलेला दिसेल की ती ओळखू येणार नाहीत, अशी त्यांची श्रद्धा होती.

आयाबापांनी त्यांना सुखाने काम करू दिले असे नाही. रविवारी त्या बाया येत, मुलांना कोपऱ्यात घेऊन कुजबुजत, आणि ती तोंड वाईट करून घरी जायचे म्हणत. मूल आश्रमात राहिल्याने भिकेचे उत्पन्न बुडते, म्हणून कोणी त्याची भरपाईही मागत. पेस्टालॉझी मनात खंतावत, परंतु सोमवारी पुन्हा त्याच कामाला लागत.

तीन पायऱ्या

ह्या अनुभवावरून सद्‌गुणांच्या शिक्षणाचा एक क्रम त्यांना दिसून आला. तो त्यांनी आपल्या एका मित्राला स्टान्सविषयी लिहिलेल्या लांब पत्रात मांडला आहे. त्याच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी अंतःकरणाची. मुलाच्या रोजच्या गरजा प्रेमाने भागवाव्या, म्हणजे त्याच्या ठायी विश्वास व कृतज्ञता उत्पन्न होते. ज्याच्यावर कोणी प्रीती केली नाही, त्याला प्रीती कर असे सांगणे व्यर्थ आहे. भुकेल्या पोराला प्रामाणिकपणाचा पाठ देण्याआधी भाकरी द्यावी. भाकरी देणाराचा शब्द त्याला खरा वाटतो.

दुसरी पायरी अभ्यासाची, म्हणजे सवयीची. चांगले वाटणे निराळे व चांगले करणे निराळे. म्हणून मुलांकडून लहान लहान गोष्टींत मनावर ताबा ठेवण्याचा सराव करून घ्यावा. ते ऐंशी मुलांना काही वेळ अगदी निश्चल व शांत बसण्यास सांगत, आणि मुलांना त्यात खेळासारखी गोडी वाटू लागली. एखादी दांडगी मुलगी काही वेळ ताठ बसण्यास व मान सरळ ठेवण्यास शिकली, तर तेवढ्यानेच तिचे मन सुधारणेच्या वाटेला लागते, असे त्यांच्या पाहण्यात आले. मोठी मुले लहानांना मध्ये घेऊन बसत व स्वतःला जे येते ते त्यांना शिकवीत. एकाने दुसऱ्याला मदत करावी, ह्याचा स्वतंत्र पाठ त्यामुळे लागला नाही.

तिसरी पायरी विचाराची व शब्दाची, आणि ती सर्वांच्या शेवटी. मुलाने दया अनुभविली, दया केली, मग त्या गोष्टीला दया म्हणतात हे त्याला सांगावे. आधी नाव व मागून वस्तू, हा क्रम उलटा आहे. ज्या शब्दामागे अनुभव नाही तो शब्द मूल पाठ म्हणून दाखवील, परंतु प्रसंग येताच विसरून जाईल.

ह्या क्रमाची कसोटी लवकरच लागली. १७९९ च्या वसंतात शेजारच्या भागातील आल्टडॉर्फ हे गाव आगीत जळाले. पेस्टालॉझी ह्यांनी मुलांना भोवती जमविले व त्यांना ते वर्तमान सांगितले. तेथे ह्या क्षणी कदाचित शंभर मुले घरावाचून, अन्नावाचून फिरत असतील. त्यांतल्या विसांना आपल्याकडे बोलवावे काय, असे त्यांनी विचारले. मुले एकदम होय म्हणाली. तेव्हा त्यांनी त्यांना घाई करू दिली नाही. आपल्याकडे पैसा थोडा आहे, ह्या मुलांसाठी सरकार अधिक देईलच असे नाही. तुम्हाला कदाचित जास्त काम करावे लागेल, कमी खावे लागेल, आपले कपडेही वाटून द्यावे लागतील. हे सर्व मनापासून सोसण्याची तयारी असेल तरच होय म्हणा, असे त्यांनी बजावले. ह्या अटी त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितल्या, कोणाच्या समजण्यात चूक राहू नये म्हणून मुलांकडूनच वदवून घेतल्या. तरी मुले आपल्या शब्दावर ठाम राहिली. ती येवोत, आम्ही वाटून खाऊ, असाच त्यांचा सूर होता.

वाचकहो, ही तीच पोरे, जी तीन महिन्यांपूर्वी एकमेकांच्या हातचा तुकडा हिसकावून घेण्याच्या स्थितीत होती. त्यांना परोपकारावर निबंध लिहावयास सांगितला असता तर एकालाही एक ओळ लिहिता आली नसती. परंतु परोपकार त्यांना आला होता.

एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. निर्ढावलेल्या मुलांना आवरताना पेस्टालॉझी ह्यांनी प्रसंगी त्यांच्यावर हातही उगारला, व आपल्या पत्रात तसे कबूल केले. आपले प्रेम मुलांना पक्के ठाऊक असल्यामुळे त्यांनी अढी धरली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज आपण मार देण्याचे समर्थन करणार नाही. मात्र शिक्षा करणाऱ्याचा राग व शिक्षा करणाऱ्याची कळकळ ह्यांतील भेद मूल तत्काळ ओळखते, हे त्यांचे निरीक्षण खोटे नाही.

८ जून १७९९ रोजी हे सारे संपले. युद्ध पुन्हा पेटले होते, आणि जखमी शिपायांच्या इस्पितळासाठी ती इमारत घेण्यात आली. बहुतेक मुलांना परत पाठवावे लागले. पेस्टालॉझी ह्यांच्या तोंडातून रक्त पडू लागले होते. ते डोंगरावरील एका आरोग्यस्थानी जाऊन पडले. पाच महिन्यांचे काम! लोक म्हणाले, हा मनुष्य कोणतीच गोष्ट तडीस नेत नाही.

प्रश्नोत्तरावलीचे गाऱ्हाणे

थोडे बरे वाटताच ते बुर्गडॉर्फ ह्या गावी गेले व तेथे एका शाळेत दुय्यम शिक्षक झाले. ही शाळा नागरिकत्वाचे हक्क नसलेल्या गरीब लोकांच्या मुलांची होती. तिचा मुख्य पंतोजी जोडे शिवण्याचा धंदा करी व त्याच खोलीत मुलांनाही शिकवी. ज्यांची कीर्ती युरोपभर झाली होती, ते त्रेपन्न वर्षांचे गृहस्थ तेथे एका बाजूला उभे राहून लहान मुलांना अक्षरे शिकवू लागले. पण आईबापांनी गाऱ्हाणे केले. हा नवा मास्तर प्रश्नोत्तरावली पाठ करून घेत नाही, स्तोत्रे पाठ करून घेत नाही. मग आमच्या मुलांना धर्म कसा यावा, असे त्यांचे म्हणणे. पेस्टालॉझी ह्यांना ती शाळा सोडावी लागली.

ह्या गाऱ्हाण्याचा विचार धर्मशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने करण्यासारखा आहे, कारण पेस्टालॉझी ह्यांना देवाचे नाव शाळेतून काढून टाकावयाचे नव्हते. १८०१ साली त्यांनी ‘गर्ट्रूड आपल्या मुलांना कसे शिकविते’ हा ग्रंथ चौदा पत्रांच्या रूपाने लिहिला. त्याच्या शेवटच्या पत्रांत देवाची ओळख मुलाच्या मनात कोठून येते, ह्याचा त्यांनी शोध केला आहे. तान्हे मूल रडते, आई त्याला पाजते, उचलून घेते. त्यातून त्याच्या ठायी प्रीती उपजते, मग विश्वास, मग कृतज्ञता, मग आज्ञापालन. आईवर ठेवलेला हा भाव मूल मोठे होता होता इतर माणसांवर व अखेर देवावर ठेवू शकते. ज्या जमिनीत हे बी पडलेच नाही, तेथे पाठ केलेली उत्तरे रुजत नाहीत, एवढेच त्यांचे सांगणे. पाठांतर नको असे नव्हे. पाठांतर शेवटच्या पायरीवर हवे.

पुढे बुर्गडॉर्फच्या किल्ल्यात त्यांची स्वतःची शाळा निघाली, आणि हेर्मान क्रूझी वगैरे तरुण शिक्षक त्यांना येऊन मिळाले. १८०५ पासून वीस वर्षे इव्हरडॉन गावच्या किल्ल्यात त्यांची संस्था चालली. देशोदेशीची मुले तेथे शिकत. प्रशिया सरकारने आपले होतकरू शिक्षक तेथे तयार होण्यास पाठविले. बालोद्यान ऊर्फ किंडरगार्टन ह्या पद्धतीचे जनक फ्रोबेल हे तेथे १८०८ पासून दोन वर्षे राहून गेले.

ज्याला साऱ्या युरोपने डोक्यावर घेतले, त्याच संस्थेत किडा शिरला. हाताखालच्या प्रमुख शिक्षकांत मत्सर माजला. प्रेमाने व सलोख्याने वागण्यास शिकविणारी शाळा, आणि शिकविणारेच एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, अशी दशा झाली. १ जानेवारी १८०८ रोजी नववर्षाच्या सभेत पेस्टालॉझी ह्यांनी आपली शवपेटी आणवून समोर ठेविली, व तिच्याशेजारी उभे राहून संस्थेत जे बिघडले त्याचा सारा दोष त्यांनी स्वतःच्या माथी घेतला. ऐकणारे गहिवरले, परंतु भांडणे मिटली नाहीत. १८१५ साली पत्नी आन्ना वारली, व ती दुफळी सांधणारा शेवटचा धागाही तुटला. १८२५ साली संस्था बंद पडली. मुले शब्दांपेक्षा गुरूंचे वागणे आधी वाचतात, हे ज्याने जगाला सांगितले, त्याच्याच अंगणात हे सत्य असे कडूपणाने सिद्ध झाले.

ऐंशीच्या उंबरठ्यावर ते आपल्या जुन्या नव्या वाडीत परत आले. गरीब मुलांसाठी तेथे पुन्हा एक शाळा घालावी, म्हणून त्यांनी बांधकामाची तयारी चालविली होती. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग ह्या गावी त्यांचे देहावसान झाले.

जे उरले ते

१८४६ साली, त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, आरगौ प्रांताने बिर येथील शाळेच्या भिंतीवर त्यांचे स्मारक उभारले. नॉयहोफ येथे विसाव्या शतकात, वाट चुकलेल्या मुलांना धंदाशिक्षण देणारी संस्था निघाली. आणि १९४६ साली, दुसऱ्या महायुद्धात आईबाप गमावलेल्या निरनिराळ्या देशांच्या मुलांसाठी स्वित्झर्लंडात ट्रोगेन येथे एक बालग्राम वसविण्यात आले. त्याला त्यांचेच नाव दिले. स्टान्सची मुलेही युद्धानेच अनाथ केली होती. दीडशे वर्षांपूर्वी पाच महिन्यांत मोडलेले काम असे पुन्हा उभे राहिले.

ह्या चरित्रावरून सदाचरणाचा तास शाळेत ठेवूच नये असे कोणी समजू नये. ठेवावा, परंतु त्या तासावर विसंबू नये. मूल शाळेत शिरताना त्याच्याकडे कोणी मायेने पाहिले काय. त्याच्या पोटात काही आहे की नाही, ह्याची कोणी विचारपूस केली काय. थोरल्याने धाकट्याची पाटी पुसून देण्याची वहिवाट तेथे आहे काय. मास्तराने चूक केली असता तो ती मुलांदेखत कबूल करितो काय. दोन शिक्षक, अथवा शिक्षक व पंच, एकमेकांविषयी मुलांसमोर कसे बोलतात. हे सर्व त्या तासाच्या आधीच मुलांना शिकवून झालेले असते.

पेस्टालॉझी ह्यांच्यापाशी द्रव्य नव्हते, व्यवस्था नव्हती, धड पुस्तकेही नव्हती. स्टान्स येथे त्यांच्यापाशी एक चूल होती, ऐंशी मुले होती, व ती झोपेपर्यंत जागे राहण्याची तयारी होती. इतके आपल्यातील गरिबातल्या गरीब शाळेतही मिळू शकते.